बाहीतला अर्धा इंच

३ फेब्रुवारी, मंगळवार

चि. कात्रीबाईस,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि थबकले. नऊ वर्षांत तुझ्यापेक्षा मोठं असल्याचं एकही काम मी केलेलं नाही. पण वयाने तरी मोठी आहेच, तर तेवढ्यापुरते आशीर्वाद घे.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे बोलायला लागलेत. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त करतात, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू बिघडलेली आहे. माझी नोकरी तीच, त्याच शुश्रूषा केंद्रात. अर्धांगवायू झालेल्यांचा वॉर्ड आता माझ्याकडे असतो. दिवसभर चाळीस जण ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारतात. सख्ख्या बहिणीची मात्र एक हाक नाही. तक्रार करत नाही हं. तक्रार करायला मला तोंड नाही.

पत्राचं कारण सांगते. मी पुन्हा कपड्यांच्या मागे लागले आहे.

वॉर्डात एक निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. रोज सकाळी मी आणि एक आया मिळून त्यांना शर्ट घालतो. एकीने हात धरायचा, दुसरीने बाही ओढायची. एकदा मी विचारलं, “गुरुजी, शर्ट घालताना डोळे का मिटता? दुखतं का?” तर म्हणाले, “नाही. दोन बायका आपल्याला कपडे घालताहेत म्हटल्यावर मी तिथे नसलेलाच बरा. म्हणून डोळे मिटतो.”

त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मी माळ्यावरून मशीन काढलं. गळ्यापासून मनगटापर्यंत वरून उघडणारी बाही, वेल्क्रोने मिटणारी. आपलाच शर्ट. मापाचा कागद तुझाच. तू तुझ्या प्रती फाडून टाकल्यास, पण एक संच माझ्याकडे राहिला होता. गुरुजींना शिवून दिला. मग शेजारच्या खाटेवरच्यांनी मागितला, मग त्यांच्या समोरच्यांनी. शेवटी केंद्राच्या नव्या व्यवस्थापक बाईंनी बोलावून सांगितलं, तीन मापांत मिळून तीनशे शर्ट हवेत. माझ्या एका मशीनवर तीनशे शर्ट व्हायचे म्हणजे मलाच त्या वॉर्डात भरती व्हावं लागेल. तेव्हा कारखाना शोधणं आलं.

या वेळी मी प्रत्येक ठिकाणी स्वतः गेले.

पहिला कारखाना चकचकीत. काचेचं टेबल, गार खोली, कोट घातलेला एक तरुण. त्याने भिंतीवर पाऊण तास चित्रं दाखवली. मी म्हटलं, मशीनं बघू या का? तर म्हणाला, “मॅडम, आत बाहेरच्यांना नेत नाही आम्ही. विश्वास ठेवा.” शिवाय एका मापाचे हजार नग घेतल्याशिवाय ते कात्री उचलत नाहीत. त्यांचा नमुना आठवड्याने आला, आत पातळ कागद, वर फीत. उलटा करून बघितला तर आतली शिवण दोरीसारखी जाड. ज्या कातडीला ओरखडा उठलेला कळत नाही, तिच्यावर असली शिवण दिवसभर घासली तर संध्याकाळी जखम. ही गोष्ट तू मला शिकवलीस, आणि मी तर नर्स.

दुसरे गृहस्थ फार गोड. त्यांचं नाव मी ‘होऊन जाईल’ ठेवलंय. शिवण सपाट हवी. होऊन जाईल ताई. वेल्क्रोची टोकं गोल हवीत. होऊन जाईल ताई. आत गेले तर बाहेर पडायच्या मागच्या दारासमोर गठ्ठ्यांचा डोंगर, आणि त्याच्या अलीकडे तीस बायका शिवत बसलेल्या. म्हटलं, आग लागली तर? म्हणाले, “लागली नाही कधी.” नमुन्यात बाही उजवीकडे उघडणारी आली. मी दाखवलं तर हसून म्हणाले, “डावं काय नि उजवं काय ताई, माणूस तर तोच ना!” त्या माणसाची अर्धी बाजू त्याची राहिलेली नाही, हे त्यांना कसं सांगणार?

तिसरा कारखाना एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. बावीस मशीनं, मोठ्या खिडक्या, मधोमध कापायचं लांबलचक टेबल. मालकीणबाई पन्नाशीच्या. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि दिवसभर दोन्ही शोधत असतात. मी माझं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे मला जमेलसं वाटत नाही.”

मी उठायला लागले तर म्हणाल्या, “बसा. जमणार नाही कुठे म्हटलं? वाटत नाही म्हटलं.” मग त्यांनी ओढणीने स्वतःचा डावा हात अंगाशी करकचून बांधून घेतला आणि माझा शर्ट एका हाताने घालायला सुरुवात केली. मशीनं थांबली. बायका मान वळवून बघायला लागल्या. बाई खुर्चीवरून घसरल्या, चष्मा पडला, पण शर्ट घालूनच उठल्या. घामाघूम होऊन म्हणाल्या, “कागद दाखवा.”

मी तुझा कागद टेबलावर उलगडला. त्या बोटाने बाही खांद्याला मिळते तिथली मुंढ्याची रेघ चाचपत राहिल्या. “कुणी कापलाय?” म्हटलं, माझ्या बहिणीने. “कुठे असते?” म्हटलं, दुसऱ्या गावात, कापडाच्या दुकानात पडदे मापून देते. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, “हा हात पडदे मापतोय?”

माझ्या पिशवीत एक जुना शर्टही होता, नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दोनशेतला. त्यांनी तो कागदावर पसरला आणि टेप लावली. मग मला विचारलं, “कागदात बाही बरोबर आहे. शर्टात दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच कमी. हा अर्धा इंच कुणी खाल्ला?”

मी म्हटलं, माहीत नाही.

बाकी पुढच्या पत्रात. ड्यूटीची वेळ झाली. मुंढ्याच्या खाली घडी द्यावी की सरळ ठेवावं, एवढं मात्र कळव. बाई विचारत होत्या.

तुझी,
ताई

• • •

२२ फेब्रुवारी, रविवार

कात्रीबाई,

तुझं उत्तर नाही. घडीबद्दल विचारायला मी ते पत्र लिहिलं नव्हतं, हे तुला कळलं असणारच. दोन पानं भरून लिहिलं आणि जे लिहायचं तेच टाळलं. वॉर्डात आम्ही असं करतो. सुई टोचायच्या आधी पेशंटला नातवंडांबद्दल विचारतो. आज विचारत नाही, टोचते.

तो अर्धा इंच मी खाल्ला.

तेव्हाचा कारखाना मी निवडला होता. तुला सांगितलं होतं, “मी डोळ्यांनी बघून आलेय, चांगले लोक आहेत.” मी गेलेच नव्हते. दोनदा जायचं ठरवलं, दोनदा ड्यूटी बदलली, मग फोनवरच ठरवून टाकलं. तू विचारलंस, “कापायचं टेबल केवढं आहे?” तर मी म्हटलं, मोठं आहे. मला काय ठाऊक होतं!

शर्ट कापायच्या दिवशी त्यांचा मला फोन आला. कापडाचा पन्हा कमी निघालाय, आखणी बसत नाहीये. बाहीची रुंदी दोन्हीकडून अर्धा इंच कमी केली आणि मुंढा तिच्याशी जुळवून घेतला तर बसतं. करू का? मी वॉर्डात होते, एका हातात सलाइनची बाटली. “तुमच्या बहिणीला विचारता का?” असंही तो म्हणाला बिचारा. आणि मी म्हटलं, “त्यात काय विचारायचं, करा.”

करा. एवढाच शब्द.

पुढचं तुला माहीत आहे. दोनशे शर्ट आले आणि आखडलेला एकही हात बाहीत जाईना. एका आजोबांच्या दंडाला ओढाओढीत सूज आली. जुन्या व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावलं. कारखानदार म्हणाला कागदातच खोट आहे. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्याला वाटलं असेल ही बाई आता बोलेल. मी बोलायच्या आत तू उभी राहिलीस. “कागद माझा आहे. चूक असेल तर ती माझीच,” म्हणालीस. असेल तर म्हणालीस गं. तुझी खात्री नव्हती. मी ‘थांब’ म्हणायला हवं होतं.

मी गप्प बसले. त्या केंद्रात मला कायम करायचं चाललं होतं, म्हणून गप्प बसले. नंतर तू माझ्याकडे एक तरी शर्ट मागितलास, ताडून बघायला. मी म्हटलं, सगळे परत गेले. एक कपाटात होता. तोच, जो मी त्या दिवशी चष्मेवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

तुला वाटलं आपल्या हाताला मापच कळत नाही. तू कापायचं टेबल विकलंस आणि निघून गेलीस. बाबा गेले तेव्हा आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि मी स्वयंपाकघरात तुझ्या शेजारी उभी राहून सांगू का, सांगू का करत भांडी पुसत राहिले. एकच पातेलं तीनदा पुसलं. तू म्हणालीस, “ताई, झालं ते स्वच्छ.” मी ठेवून दिलं.

माफी मागून हे भरून निघायचं नाही. पण पत्र लिहायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आले, ते सांगते.

जुने व्यवस्थापक आता मुलीकडे राहतात. मी गेले तेव्हा ते कुंड्यांतली माती बदलत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हात झटकले. मग म्हणाले, “त्या धाकट्या मुलीला मी फार बोललो होतो.” त्यांनी मला चिठ्ठी लिहून दिली आहे, तुझ्या नावाने. या पाकिटात आहे. मी उघडलेली नाही.

मग चष्मेवाल्या बाईंकडे गेले. म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले, अर्धा इंच माझाच. वाटलं, आता या हाकलून देणार. त्या एक शिवण उसवत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “कळलं होतं मला.” म्हटलं, कसं? “कारण तुम्ही कुणी खाल्ला म्हणून उलटं विचारलं नाहीत. ज्याला खरंच माहीत नसतं तो विचारतो.”

मी विचारलं, आता काम घ्याल का? म्हणाल्या, “घेईन. दोन अटी. फोनवर ‘करा’ म्हणणारं गिऱ्हाईक मला चालत नाही. पाव इंच हलवायचा असला तरी कागदावर लिहायचं आणि खाली सही. आणि ती सही तुमची नको. जिने कापलंय तिची हवी.” मी म्हटलं, ती नऊ वर्षांत माझ्याशी धड बोललेली नाही. तर म्हणाल्या, “मला तिच्याशी बोलायचंय. तुमच्याशी ती बोलते की नाही ते तुम्ही दोघी बघा.”

त्यांचा नंबर खाली लिहिला आहे. तू ‘नाही’ म्हणालीस तर तुझा कागद मी पार्सलने परत पाठवीन आणि शर्ट होणार नाहीत. व्यवस्थापक बाईंना मी तसं सांगून ठेवलंय, कारणासकट. नोकरीचं काय होईल ते होवो. अजून तरी काही झालेलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “सिस्टर, पुढच्या वेळी जरा लवकर सांगा.” नऊ वर्षं म्हणजे जरा उशीरच.

एक गोष्ट मात्र नक्की कर. फोन कर किंवा करू नकोस, मला तोंड दाखव किंवा दाखवू नकोस, पण तुझ्या हाताला दोष देणं आजपासून बंद कर. तुझी चूक नव्हती. कधीच नव्हती.

तुझी अपराधी,
ताई

• • •

११ मार्च, बुधवार

कात्रीबाईस,

काल दुपारी चष्मेवाल्या बाईंचा निरोप आला, वेळ काढून या. मी वॉर्डातून तशीच गेले, कपडेही न बदलता. मला बघून त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीचा फोन आला होता.” मी पिशवी कापायच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, काय म्हणाली?

“पाऊण तास बोलली. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. कापडाचा पन्हा विचारला. धुतल्यावर किती आटतं ते विचारलं. आधी धुऊन मग कापा, म्हणाली. कापणारी बाई किती वर्षांची अनुभवी आहे, ते विचारलं. मग मुंढ्यावरून माझ्याशी भांडली.”

मी विचारलं, भांडली? बाई खुशीत होत्या. “चांगलीच! मी म्हटलं खाली घडी द्या, ती म्हणाली घडी काखेत टोचेल, त्यापेक्षा तिरकं कापड जोडा, आणि बाहीचं खांद्यावर उघडणारं तोंड दीड इंच पुढे घ्या, म्हणजे बसल्या बसल्या दिसेल. मी म्हटलं, इतकं तयार कसं गं तुझ्याकडे? तर म्हणाली, नऊ वर्षं पडदे मापतेय, पण डोक्यात मुंढाच होता.”

हे वाक्य ऐकलं आणि मला खुर्ची लागली. बाईंनी पाणी आणून दिलं. बावीसच्या बावीस मशीनं चालू होती ते बरं झालं.

त्यांनी तुझ्या सांगण्याप्रमाणे एक नमुना शिवून ठेवला होता. संध्याकाळी तो घेऊन मी गुरुजींकडे गेले. खाटेवर ठेवला आणि पडद्याबाहेर जाऊन उभी राहिले. आत बराच वेळ खुडबूड. एकदा “अरे गाढवा” असं ऐकू आलं, ते स्वतःच्या डाव्या हाताला. मध्ये मी विचारलं, येऊ का? “अजिबात नाही!” शेवटी वेल्क्रो मिटल्याचा आवाज आला आणि त्यांनी हाक मारली. कॉलर एकीकडे दुमडलेली होती, ती त्यांनी मला सरळ करू दिली नाही. म्हणाले, “राहू दे. मी घातलाय, मला असाच आवडतो.” डोळे टक्क उघडे होते. मग म्हणाले, “खिसा उजवीकडे हवा. डावीकडचा खिसा म्हणजे माझ्यासाठी परदेश.” हे तुला सांगायचं राहू नये म्हणून लगेच लिहून घेतलं. तू बाईंशी बोलून ठरव.

करारनामा तयार आहे. त्यात सहीच्या दोन जागा आहेत, एक बाईंची, एक तुझी. मी साक्षीदार. कापायला हात लावलेला नाही. “मी शनिवारी येते, तोवर कात्री लावू नका,” असं तू फोनवर म्हणालीस, आणि बाईंनी कापडाच्या ताग्यांवर चादर घालून ठेवली आहे. कारखान्यातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, शनिवारी कागदवाल्या ताई येणार. तू अजून आलीही नाहीस आणि तुझं नावही पडलं.

तुझी गाडी साडेतीनला पोहोचते म्हणे. हे तू बाईंना सांगितलंस, मला नाही. त्यांनी मला सांगावं अशी तुझी इच्छा होती की नव्हती, यावर मी काल रात्रभर विचार केला आणि सकाळी ठरवलं, की विचार करणं पुरे. सरळ लिहावं. हे पत्र शुक्रवारी तुझ्या हाती पडेल.

शनिवारी मी स्टँडवर येणार आहे. मी गाडीच्या दाराशी येणार नाही, गळ्यात पडणार नाही, सामान हिसकावून घेणार नाही. बाहेरच्या फाटकापाशी, रिकाम्या बाकाजवळ उभी राहीन. पलीकडे बाईंची गाडी आणि चालक असेल. तुला सरळ त्या गाडीत बसून कारखान्यात जायचं असेल तर जा. मी मागून बसने येईन, नाही तर येणारही नाही. सही करताना मी समोर नको असेन तर तसं चालकाला सांग, तो मला सांगेल.

आणि समजा तुला दोन मिनिटं बाकाशी थांबावंसं वाटलं, तर मी काही बोलणार नाही. तूच बोल. नऊ वर्षांचं काय काय साठलं असेल. चिडून बोल, मोठ्याने बोल, लोक बघतील तर बघू देत. मी ऐकेन. माझी ड्यूटी त्या दिवशी नाही, मी मुद्दाम रजा घेतली आहे.

माझे केस बरेच पांढरे झालेत, आणि नवा चष्मा आहे, तेव्हा चटकन लक्षात येणार नाही कदाचित. निळा शर्ट घालून येईन.

ओळख दिलीस तर, आणि नाही दिलीस तरी,
तुझीच
ताई